अर्जात लिहिलेलं कारण

धम्मदीपदादा,

जय भीम. अँब्युलन्सवर पॅरामेडिक घेऊन राहिले, आधी वर्षभर ट्रेनिंग. जागा चाळीस आणि अर्ज हजारावर. आज शेवटची तारीख होती. धंतोलीच्या आमच्या दवाखान्यातली सरिता सिस्टर सकाळपासून मागे लागली होती. "काहून वं पायल, भर ना फॉर्म. बाबाच्या वेळी तू कुठं घाबरली?"

मी घाबरली नाही हे तिले तूच सांगितलं होतं, बाबा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी.

दादा, गावी आपल्या खाप्याच्या घरी बाबा कोसळले तेव्हा छाती कशी दाबायची ते मले येत होतं. दवाखान्यात शिकवलं होतं. पण माझे हात उठलेच नाही. अँब्युलन्स येईपर्यंत मी दारात उभी राहून रस्ता पाहत होती. तू पुण्याहून आला अन् विचारलं, "छाती दाबून पाहिली ना?" मी हो म्हटलं.

आता भीती एकच वाटते. दुसऱ्या कोणाच्या बाबासमोरही माझे हात असेच राहिले तर?

फॉर्ममध्ये विचारलं होतं, हे काम का करायचं आहे. दुपारभर ती जागा रिकामीच राहिली. शेवटी मी बाबाचं सगळं खरं लिहिलं अन् फॉर्म पाठवून दिला. घेतील का, माहीत नाही.

तुले मात्र हे पत्र पाठवणं होत नाही. रविवारी फोनवर तू मले पुन्हा हिमतीची म्हणशील, अन् मी पुन्हा ऐकून घेईन.

तुझी,
पायल