ठेवायची आठवण मीच का करायची?

तुर्भे, शुक्रवार, मे १९८६

दुपारी लाईट गेली आणि सकाळपासून कॉम्प्युटरवर टाईप केलेली स्पेअर पार्टची नावं गेली. स्क्रीनवर हिरवा ठिपका बारीक होत विझला. साहेब म्हणाले, "फाईलमध्ये सेव्ह का नाही केलंस? सोमवारी परत कर, नाहीतर येऊच नकोस." म्हणजे चूक माझी. मग मशीनच्या त्या मेमरीला मेमरी का म्हणतात?

दुरुस्तीवाले सावंतकाका म्हणाले, "आमच्या जुन्या मशीनच्या मेमरीत बारीक चुंबकी कड्या होत्या. लाईट गेली तरी लक्षात राहायचं."

"मग फाईली हव्यातच कशाला?"

"अरे बाबा, मशीन अडकलं की आपण बंद करून चालू करतो. सगळंच लक्षात राहिलं तर अडकलेलंही तसंच राहील."

बरोबर वाटलं, म्हणून जास्तच डोकं फिरलं. तडक दिवाळे गावाच्या धक्क्यावर गेलो, होड्या बघत बसलो, तरी तो ठिपका डोळ्यांसमोरून जाईना. पुसायचं असेल तर विचारा ना मला. ठेवायला कशाला विचारता?

आत्ता जेवताना ती नावं ओळीनं आठवायला लागली. बेअरिंग, वॉशर, गॅस्केट, पुढची सगळी. ही मी कुठे सेव्ह केली होती? सोमवारी जाणार. कागद न बघता टाईप करणार, साहेबांच्या समोर बसून.