हात लागला होता, मामा

मु. माले, ता. मुळशी
गुरुवार

तीर्थरूप कैलासमामा यांना,

रेश्माचा माल्याहून वाकून नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल, गुडघा कुरकुरत नसेल आणि जांब्याच्या खोल्यांमधले भाडेकरू पाण्याची मोटर वेळेवर बंद करत असतील, अशी आशा करते. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (ठीक म्हणजे तापबीप कुणाला नाही. बाकीचं पुढे येईलच, पण पत्राच्या सुरुवातीलाच काळजीचं लिहू नये हे तुम्हीच शिकवलंत.) समोर असतात तर मी नेहमीसारखं ‘मामा तू’ म्हटलं असतं. कागदावर तसं लिहायला हात धजत नाही, म्हणून ‘तुम्ही’. त्याचा राग मानू नका. आधीच एक राग चालू आहे, त्यात भर नको.

फोन तुम्ही उचलत नाही. मेसेजला निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. म्हणून आजीने कागदाचा मार्ग सुचवला. तिचं म्हणणं, माणूस कागद फेकून देतो, पण फेकायच्या आधी वाचतोच. तर या पत्राचा हेतू एकच आहे : मधल्या काळात झालेल्या फुटबॉलच्या आणि बास्केटबॉलच्या सामन्यांबद्दल माझं मत कळवणे. दुसरा कोणताही हेतू नाही. तुमच्या वरच्या खोलीतला पियूष (तोच, आपल्याकडे मॅच बघायला आला आणि आजीने ज्याला भाकरीवर भाकरी वाढली) सांगत होता की त्या दिवसापासून खाली तुमचा टीव्ही बंदच आहे. म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नसणार. हे मला बरोबर वाटत नाही.

आधी फुटबॉल. (आजीला संघांची नावं म्हणता येत नाहीत म्हणून आपल्या घरात रंगच चालतात, इथेही तेच लिहिते.) तुमच्या लाल संघाचं सध्या बरं चाललेलं नाही. मागचा सामना त्यांनी खालच्या नंबरच्या संघाशी बरोबरीत सोडवला, आणि तोही असा की बघवत नव्हतं. मागचे चौघे आपापसातच चेंडू फिरवत बसतात. शेजारणी एकमेकींकडे ताकाची वाटी पाठवतात, ती इकडून तिकडे जाते, परत येते आणि ताक कुणीच पीत नाही, तसं. डावीकडच्या त्या बारक्या पोराला कोच तासाभराने बाहेर काढतो, नेमका जेव्हा समोरचे दमलेले असतात तेव्हा. माझ्या मते ही चूक आहे. पण कोचला त्याच्या पायाचं काही माहीत असेल जे आपल्याला माहीत नाही, म्हणून मी ‘चूक असावी’ एवढंच म्हणते. बाबांचा निळा संघ मात्र जिंकतोय. खेळत नाही, पण जिंकतो. हे मी बाबांच्या तोंडावर म्हटलं आहे, तुम्हाला खूश करायला लिहीत नाहीये.

आजीचं सगळं लक्ष अजून गोलकीपरवर. दोन्ही बाजूंच्या. बाकीचे दहा जण मिळून हसतात, गळ्यात पडतात आणि तो बिचारा तिकडे एकटा उभा, त्याला कुणी हाकसुद्धा मारत नाही, हे तिला सहन होत नाही. परवा लालवाल्यांचा गोलकीपर चेंडू सोडून पालथा पडला तर सगळे त्याच्यावर ओरडले. आजी टीव्हीला म्हणाली, “आदी उचला की त्याला. मग बोला.”

आता बास्केटबॉल. तुमच्या पिवळ्यांनी परवा मोठी आघाडी घेऊन शेवटच्या भागात ती घालवली. लांबून टाकायचा हट्ट. तीन-तीन करत गेले आणि एकही पडेना. (तीनाचा पाढा तुम्ही मला शाळेत नाव घालायच्या आधी बास्केटबॉलवरच शिकवलात. बाईंनी विचारल्यावर मी ‘तीन एके तीन, आणि टाकताना धक्का बसला तर चार’ असं सांगितलं होतं. आईला त्यासाठी शाळेत बोलावलं होतं, ते तुम्हाला बहुतेक अजून कुणी सांगितलेलं नाही.) आणि तो उंच खेळाडू डाव्या पायावर थोडा लंगडतोय. हे मला दिसलं नव्हतं. हे बाबांना दिसलं.

हो, बाबांना. हे तुम्हाला खरं वाटणार नाही म्हणून नीट लिहिते. ज्या बाबांनी जन्मभर बास्केटबॉलला नावं ठेवली, फुटबॉलचा गोल म्हणजे भाताचं पीक, वर्षातनं एकदा हाती येणार, आणि तुमचा हा खेळ म्हणजे कोथिंबिरीचा वाफा, रोज उपटा आणि रोज विका, असं तुम्हाला चिडवलं, ते बाबा हल्ली सकाळी धारा काढून आले की दुधाचं भांडं खाली ठेवायच्या आधी टीव्ही लावतात. आणि पिवळ्यांचा सामना बघतात. कळत काहीच नाही. शेवटच्या दोन मिनिटांना अर्धा तास का लागतो हे मी त्यांना समजावून थकले. तेव्हा तेच म्हणाले की हे पाहुण्यासारखं आहे : येतो येतो म्हणून उठायचं आणि उंबऱ्यावर तासभर बोलत राहायचं. त्या दिवसापासून त्यांना टाइम-आउट पटायला लागलाय. परवा सामना संपल्यावर त्यांनी दुधाचं भांडं उचललं. मग म्हणाले, “त्या उंच्याचा पाय बरा न्हाई. कैलासच्या जिवाला घोर लागल.” आणि दूध ठेवायला आत गेले.

आता त्या दिवशीचं. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी क्रमाने लिहिते, कारण तुम्ही निघालात तेव्हा माझं वाक्य अर्धंच झालं होतं. लाल आणि निळे यांचा अंतिम सामना, थोडाच वेळ उरलेला, निळ्यांचा फटका, चेंडू तुमच्या लालवाल्याच्या दंडापाशी, आणि रेफरी पळाला बाजूच्या छोट्या टीव्हीकडे. (बाबा तेव्हा म्हणाले, “गेला तलाठ्याकडं नक्कल काढाया.” तोपर्यंत तुम्हीही हसत होतात.) मग पेनल्टी, मग गोल, मग तुम्ही म्हणालात हात लागलाच नाही आणि बाबा म्हणाले लागला. आणि दोघंही माझ्याकडे वळलात. बाबा म्हणाले रेश्मा खोटं बोलत नाही. तुम्ही म्हणालात, सांग गं, दिसलं ते सांग. मी मोबाइलवर ते दृश्य हळू करून पुन्हा पुन्हा पाहिलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि सांगितलं, “हात लागला होता, मामा.”

मामा, मी अजूनही तेच सांगते. चेंडू रेषेच्या आत की बाहेर, हे दिसलं ते सांगायचं, हवं ते सांगायचं नाही, हे मला दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही. पण माझं पुढचं वाक्य होतं : “पण हात अंगालगत होता, मी रेफरी असते तर पेनल्टी दिली नसती.” ते म्हणायच्या आत बाबांनी, कुस्ती मारल्यासारखी, मांडी थोपटली. आणि तुम्ही उठलात. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मी ‘पण हात’ एवढ्यापर्यंत पोचले होते. उरलेलं वाक्य बाबांनी ऐकलं. ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की आईने त्यांना पाणी आणून दिलं. आता निळ्यांनी गोल केला की बाबांचा हात मांडीपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो.

मग ते तुम्हाला फोन का करत नाहीत, असं तुम्ही विचाराल. इथे खरी अडचण आहे. आपल्याकडे रुसायचा मान दाजींचा. आईच्या लग्नात वेशीपाशी बँड वाजला नाही म्हणून बाबा रुसले, तेव्हा तुम्हालाच, शाळेतल्या पोराला, जिलबीचं ताट देऊन समजूत काढायला पाठवलं होतं. जावयाने रुसायचं, मेव्हण्याने काढायचं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण मेव्हणाच रुसला तर काढायचं कुणी, हे कुणालाच माहीत नाही. आजीने गावातल्या धोंडाबाईंनाही विचारून पाहिलं. त्यांच्याही ऐकण्यात असं काही नाही.

बाबांनी यावर विचार करून जो उपाय काढला तो असा : ते स्वतः रुसले आहेत. म्हणजे आता मानाप्रमाणे तुम्हाला यावंच लागेल. रुसणं अगदी रीतसर चालू आहे. जेवताना एकच भाकरी, आमटी दुसऱ्यांदा नाही, संध्याकाळी ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायचं. मोटरसायकलचा आवाज आला की तोंड आणखी वाकडं करायचं आणि ती पुढे निघून गेली की परत सरळ करायचं. फक्त एक राहिलं : हे तुम्हाला कळवायचं कुणी? त्यामुळे त्यांचं सगळं रुसणं इथे माल्यातच वाया चाललंय, जिथे ते काढणं कुणाचंच काम नाही. काल आई वैतागून म्हणाली, “हितं रुसून काय उपेग? रुसायचं तर जांब्याला जाऊन रुसा.”

(आई कुणाच्या बाजूची हे विचारू नका. ती एका ताटात दोन्हीकडचं वाढते आणि भिंतीकडे बघते.)

तर सामन्यांबद्दलचं माझं मत इथे संपलं. काही चुकलं असेल तर लहान समजून पदरात घ्या, आणि पिवळ्यांचा पुढचा सामना तरी टीव्ही लावून बघा. उंच्याचा पाय मला एकटीला नीट कळत नाही.

तुमची,
रेश्मा

ता. क. तुमचं हेल्मेट इथेच राहिलं आहे. दाराजवळच्या खिळ्यावर आहे. आजीला त्यात कांद्याचं बी ठेवायचं होतं, बाबांनी ठेवू दिलं नाही. दर दोन दिवसांनी ते धोतराच्या सोग्याने पुसतात आणि कुणी पाहिलं तर खिळा हलतोय का ते बघत होतो म्हणतात. तुम्ही हिंजवडीच्या त्या रस्त्याने बोडक्या डोक्याने फिरत असाल या विचाराने माझा घास उतरत नाही. नवीन घेतलं असलं तर कळवा. पण घेतलं नसलं तर बरं, असंही वाटतं. हा विचार चांगला नाही हे मला कळतं.

ता. क. दुसरा. हे खरं पहिल्यांदा लिहायला हवं होतं, धीर होत नव्हता. रेफरीच्या परीक्षेत मी पास झाले. तुम्ही म्हणाला होतात, पास झालीस तर पहिलं मला सांगायचं. निकाल लागला आणि तुम्ही फोन उचलत नव्हता, म्हणून मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, बाबांनासुद्धा नाही. या रविवारी सकाळी पौडच्या मैदानावर मुलींचा सामना आहे आणि शिट्टी माझ्या हातात आहे. मुली लहान आहेत, पण त्यांचे बाप येणार आहेत. कुणीतरी ओरडणारच : हात लागला, नाही लागला. मला तेव्हा मान वर करून बघायचं आहे आणि रेषेबाहेर तुम्ही दोघं उभे दिसायला हवेत. एकाच बाजूला. शेजारी शेजारी. माझ्या निर्णयावर दोघांनीही काही बोलायचं नाही, नाहीतर मी दोघांनाही मैदानाबाहेर काढीन, मग नातं बघणार नाही. मामा, तू ये. (वर ‘तुम्ही’ लिहायला हवं होतं. खोडत नाही.)

ता. क. तिसरा. आत्ता बाबा मागे येऊन उभे राहिले आणि काय चाललंय म्हणाले. खोटं बोलता येईना म्हणून वाचून दाखवलं. दुसरा ता. क. तेवढा वगळला. ते चपला सरकवून बाहेर गेले. थोड्या वेळाने अंगणातून आवाज आला, “तुजी आई म्हनती तेच बरं. तितं जाऊनच रुसतो.” मी बाहेर आले तोवर गाडी वळणावर होती.

म्हणजे शेजारची राणी उद्या कामावर जाताना हे पत्र तुमच्या हातात देईल तेव्हा बाबा तुमच्याकडे रुसून बसलेले असतील. पत्राची आता काही गरज नाही, पण लिहिलेलं न पाठवणं मला बरं वाटत नाही. त्यांना आधी थोडं रुसू दे, लगेच समजूत काढू नकोस, त्यांची बरीच तयारी झालेली आहे. मग एखादी जिलबी दे. आणि मग दुसरा ता. क. मोठ्याने वाच. म्हणजे शब्दाप्रमाणे पहिलं तुलाच कळेल आणि त्यांनाही मागाहून कळल्यासारखं होणार नाही.

आणखी एक. ते घाईत तुझं हेल्मेट घालून गेलेत. त्यांचं खिळ्यावर तसंच आहे. म्हणजे तिथे आता माणसं दोन आणि हेल्मेट एक. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं असा नियम आहे, तेव्हा गाडी तिथेच ठेवा, घोटवडे फाट्यापर्यंत मिळेल ते वाहन धरा आणि तिथून पौडच्या एसटीत एका बाकावर बसून या. खिडकी कुणाला, यावर वाद झाला तर खिडकी दाजींना. हा निर्णय शेवटचा आहे.