वाकडं बसलेलं स्टिअरिंग

भिसेगाव, कर्जत

प्रिय मिलिंद,

जहाजावर नेट मिळेल तेव्हा हे सगळं एका बैठकीत वाच. फोनवर सांगायचं ठरवलं होतं, पण आपल्या घरात फोनवर बोललेलं स्वयंपाकघरापासून पडवीपर्यंत सगळ्यांना ऐकू जातं, आणि तुझा आवाज मध्येच तुटला की मी भलतंच बोलून मोकळी होते. म्हणून लिहिते आहे. अक्षरं टाइप करतानाही दोनदा उठून आले. एकदा गॅस बंद आहे का बघायला आणि एकदा उगाचच.

आधी बातमी. बाबांच्या गाडीचं स्टिअरिंग मी बदललं. गॅरेजमध्ये नाही, घरी, अंगणात, माझ्या हातांनी. आपल्या जुन्या गाडीला एअरबॅग नाही म्हणून हे धाडस केलं, असती तर हात लावला नसता. तुला वाईट वाटेल, मला माहीत आहे. बाबा भिवपुरीच्या पॉवर हाऊसमधून निवृत्त झाले तेव्हा घेतलेली ती गाडी, आणि ते स्टिअरिंग रोज फडक्याने पुसणारे तेच. तू पहिल्यांदा जहाजावर गेलास तेव्हा त्यांनी मला तिथल्या क्वार्टर्सच्या रस्त्यावर गाडी शिकवली. आई मागे बसायच्या आणि प्रत्येक वळणाला 'हळू गं' म्हणायच्या. बाबा त्यांना म्हणायचे, "चंद्रभागा, तू डोळे मीट, तिला बघू दे." बाबा गेल्यावर मागे बसायचं सोडून आई माझ्या शेजारी बसायला लागल्या.

पण स्टिअरिंगची पार रया गेली होती. वरचं आवरण तडकून चिकट झालं होतं, तळहात काळे व्हायचे. उन्हाने ते थोडं गेलं आणि माझ्या नखांनी जास्त. खोपोलीला आईंचं डायलिसिस चालू असतं तेव्हा मी गाडीत बसून मुलांच्या वह्या तपासते. सकाळची शाळा करून, त्यांना घेऊन, पळसदरीवरून दिवसाआड तिकडे. वह्या संपतात, वेळ संपत नाही. मग मी त्या आवरणाचे पापुद्रे काढत बसायचे. एक दिवस आतली कडा हाताला लागली, रक्त आलं. सेंटरमधल्या सिस्टरने पट्टी लावली आणि आईंनी पलंगावरून विचारलं, "तुला काय झालं?" जणू आजारी मीच.

स्टेशनजवळच्या गॅरेजवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला, वहिनी, गाडी ठेवून जा, बघतो दोन-तीन दिवसांत. आपली गाडी ठेवून जाता येत नाही. कंपनीचं तसं स्टिअरिंग आता मिळतही नाही. म्हणून बाहेरचं मागवलं, जाड पकडीचं, काळं. आलं त्या दिवसापासून मला धीर नव्हता. खोकं पडवीत ठेवलं तरी जाता-येता उघडून बघायचे. घरात जे बिघडत चाललं होतं त्यातलं हे एक तरी माझ्या हाताने नीट होण्यासारखं होतं.

व्हिडिओ बघून बघून पाठ केला. बॅटरीची वायर काढली, चाकं सरळ केली, मधलं हॉर्नचं झाकण उचकटलं, खालचा मोठा नट बाबांच्या पेटीतल्या पान्याने सैल केला. नट पूर्ण काढायचा नाही, नाहीतर ओढताना स्टिअरिंग तोंडावर येतं. तरी ते सुटलं तेव्हा असं सुटलं की मी सीटवर मागे आदळले. आई पडवीतून बघत होत्या. हसल्या. खूप दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं म्हणून मीही हसले. मग नव्या स्टिअरिंगचा जोड दांड्यावर बसवला, त्यावर स्टिअरिंग आवळलं, हॉर्नची वायर जोडली. हॉर्न वाजला तेव्हा समोरच्या घरातले सगळे बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी खोपोलीला निघालो आणि रेल्वे फाटक ओलांडतानाच कळलं, स्टिअरिंग वाकडं बसलंय. दांड्यावर बारीक दाते असतात, त्यातला एखादा दाता मी चुकवला होता. गाडी सरळ जात होती आणि माझे हात डावीकडे झुकलेले. तसा धोका नव्हता, पण मिलिंद, तेवढ्याने मी रस्ताभर बेचैन झाले. सारखी हातांकडे बघत होते. रस्ता सरळ असताना हात वाकडे दिसले की वाटतं आपण कुठेतरी भलतीकडेच चाललोय. येताना आई डोळे मिटून पडल्या होत्या. हल्ली येताना तशाच असतात. पायात गोळे येतात, ओठ सुकतात आणि पाणी मोजकंच. पूर्वी रस्त्यावरचं प्रत्येक घर त्यांना माहीत असायचं, हे अमक्याचं, ते तमक्याचं. आता पळसदरी कधी गेली तेही त्यांना कळत नाही. तुला फोनवर 'बरी हाय रं मी' म्हणतात ना, तेव्हा त्या भिंतीला टेकून उभ्या असतात.

त्या दिवशी मात्र डोळे न उघडता म्हणाल्या, "चाक वाकडं बसलंय का गं?"

"थोडंसं. उद्या नीट करते, आई."

"तुला सगळं नीटच करायचं असतं," म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. पण मला ते लागलं, आणि का लागलं ते तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी खोपोली नव्हती. आपली सानवी शाळेत गेली होती. मी पुन्हा सगळं उघडलं. या वेळी आई पडवीत थांबल्या नाहीत, हळूहळू येऊन शेजारच्या सीटवर बसल्या. "तू आवळ, मी धरते." डाव्या हातात डायलिसिसच्या सुया टोचायला केलेला फिस्टुला, त्या हाताला जोर लावायचा नाही, म्हणून उजवा हात लांब करून त्यांनी स्टिअरिंग धरलं. मी दाते नीट जुळवले, पुन्हा पुन्हा बघितलं आणि पाना लावला. नट अर्धा आवळला असेल, तेव्हा म्हणाल्या, "उज्वला, मला आता नाय जायचं तिकडं."

"आज नाहीच आहे, आई. उद्या आहे."

"उद्या नाय, परवा नाय. बास झालं गं मला."

त्या पुढे म्हणाल्या, डॉक्टरांनाही विचारलंय, डॉक्टर म्हणाले घरात बोला, म्हणून बोलतेय. मी म्हटलं, थांबवलं तर काय होतं ते माहीत आहे का तुम्हाला. "माहीत हाय. त्येच तर त्यांना इचारलं." मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. सानवीचं नाव घेतलं, तुझं घेतलं. शेवटी चिडले. म्हटलं, मग मी ही धावपळ कशासाठी करते? त्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही. म्हणाल्या, "माज्यासाठी करतेस. म्हनून तर पहिलं तुला सांगितलं." आणि थोड्या वेळाने, "नट बघ गं, ढिला ऱ्हाईल."

मी नट आवळला. नको तेवढा आवळला असेल. हॉर्नची वायर जोडताना दोनदा निसटली. मग मी म्हटलं, मिलिंद येईपर्यंत तरी. त्या म्हणाल्या, "बरं. त्यो येईपर्यंत जाईन. त्याला बघीन, मग थांबीन. पन त्याला बोलावू नको माज्यासाठी. त्याच्या टायमानं येऊ दे."

स्टिअरिंग आता अगदी सरळ आहे. दुसऱ्या दिवशी खोपोलीला गेलो, तक्रारीला जागा नाही. तेच सोसवत नाही. नीट करायला काही उरलं नाही म्हणून मी स्वयंपाकघरातल्या फळ्या पुसते, डबे रिकामे करून पुन्हा भरते, शाळेत एकाच मुलाची वही परत परत तपासते. आणि एक गोष्ट तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. त्यांनी 'बास' म्हटलं तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल? रिकाम्या दुपारी. खोपोलीशिवायच्या. क्षणभरच आलं, पण आलं. तेव्हापासून मला त्यांच्याकडे सरळ बघवत नाही आणि त्यांना नजरेआड होऊ द्यावंसंही वाटत नाही. काल भरदुपारी त्या झोपल्या होत्या तर श्वास चालू आहे का बघायला तीनदा आत गेले. तिसऱ्यांदा डोळे उघडून म्हणाल्या, "हाय गं अजून. जा, चहा टाक."

गेल्या फोनवर तू विचारलंस, कंपनी करार चार महिने वाढवून देतेय, घेऊ का? मी म्हटलं, तुझं तू बघ. ते उत्तर नव्हतं. उत्तर देता येत नव्हतं म्हणून तसं बोलले. तू नाही आलास तर आई जात राहतील, कारण शब्द दिलाय. चार महिने ते मशीन, ते गोळे, ते सुकलेले ओठ. पण त्या असतील. तू आलास तर त्या थांबतील. म्हणजे तुला 'ये' म्हणताना मी काय म्हणतेय ते मला पुरतं कळतंय, आणि म्हणूनच इतके दिवस म्हटलं नाही. आज म्हणते. करार वाढवू नकोस, घरी ये. त्यांचं मन वळवायचं असेल तर समोर बसून वळव, मला जमलं नाही. नाही वळलं तर त्यांच्याजवळ बसून राहा. मी लिहिलंय हे त्यांना सांगू नकोस. विचारलं तर म्हण, समुद्राचा कंटाळा आला. त्यांना ते खरं वाटणार नाही, पण त्या काही म्हणणार नाहीत. मला म्हणतील, त्याला जेवायला वाढ.

वाट बघणारी, आणि वाट बघायला भिणारी,
तुझीच,
उज्वला