वीस गुंठे दगड

१ ऑक्टोबर

पास! अठ्ठावन्नाव्या वर्षी, तिसऱ्या खेपेला — पास! परीक्षा घेणारा म्हणाला, "मारूसोबाई, तुम्ही गाडी चालवत नाही, गाडीशी भांडता. पण जिंकता." घरी येऊन स्टेलियोसच्या फोटोसमोर लायसन नाचवलं. पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला पिकअपच्या स्टीअरिंगला हात लावू दिला नाही. जाऊनही तीन वर्षं झाली, तरी किल्ली उचलताना मी त्याच्या फोटोकडे बघतेच.

संध्याकाळी बंदरावर डेस्पिनाकडे गेले. पोरगी जमिनींचे नकाशे काढते. तिला बाबांचा कागद दाखवला. सोळा वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होता. "मारूसोला — आस्प्रोपेत्रा. वीस गुंठे. दगड. पूर्वेला निकोलास वासिलारास." एवढंच. डेस्पिनाने चष्मा वर केला. "काकू, एकतीस तारखेच्या आत जागा नकाशावर दाखवा. शेजाऱ्याची सही आणा, माहेरच्या एकाची आणा. नाहीतर सरकारजमा."

सरकारजमा! इतकी वर्षं ढुंकून पाहिलं नाही मी त्या कागदाकडे. पण तो शब्द ऐकला आणि पित्तच खवळलं.

२ ऑक्टोबर

झोपेतून उठल्यावर पहिला विचार — मला ती जागा बघायचीच आहे. का, ते इथे लिहून ठेवते, दुसरं कोण ऐकणार?

मी विसाव्या वर्षी मेसारियातून, म्हणजे डोंगरापलीकडून, स्टेलियोसबरोबर पळून आले. बाबा म्हणाले, "मला मुलगी नाही." मी म्हटलं, नाही तर नाही. ते मरेपर्यंत माझ्या उंबऱ्याला आले नाहीत, मी त्यांच्या गेले नाही. अंत्यविधीला गेले तेव्हा भावाने, याकूमीसने, हा कागद हातात ठेवला. डोळ्याला डोळा दिला नाही त्याने. त्याला घर, त्याला शेतं, आणि मला वीस गुंठे दगड! आमच्याकडे मुलींच्या वाट्याला समुद्रकाठचं येतं हे मला ठाऊक होतं. खारं, नापीक, शेळीही तोंड लावत नाही असं. पण कागदावर "दगड" असं लिहून देणं म्हणजे मेल्यावरही थोबाडीत मारणं.

तर बघू या कसली थोबाडीत ती. दगड तर दगड. पण माझा आहे!

४ ऑक्टोबर

पहिली स्वारी! एकटी! पूर्वेच्या किनाऱ्याला, जिथे पांढरा खडक समुद्रात घुसलाय. सगळे म्हणतात आस्प्रोपेत्रा तीच. चढावर गाडी तीनदा बंद पडली. मागे बस, बसच्या मागे मासळीवाला, मासळीवाल्याचा भोंगा! बसचा ड्रायव्हर खाली उतरला. "काकू, हँडब्रेक सोडा, तो घट्ट धरून कुठे निघालात?" मी म्हटलं, "तू तुझी बस सांभाळ." मग सोडला. गाडी सुसाट.

डांबर संपलं तिथे गाडी ठेवली, चाकाखाली दगड लावला, आणि पायी उतरले. वारा नाही, समुद्र ताटासारखा सपाट. या बेटावर जन्मले आणि हा किनारा कधी पाहिला नव्हता! कड्याच्या पोटात खारवलेल्या पाण्याची डबकी, त्यांच्या कडेला मिठाची साय. बोटाने खरवडून चाटली. टोकापर्यंत गेले. वीस गुंठे कुठले? तिथे दोन माणसं नीट बसणार नाहीत. आणि मालक म्हणे देऊळ.

५ ऑक्टोबर

मांड्या धरल्यात. तरी खूश.

९ ऑक्टोबर

पश्चिमेची आस्प्रोपेत्रा पाहिली. दक्षिणेचीही. प्रत्येक किनाऱ्याला एक पांढरा दगड आहे आणि प्रत्येक गाव त्याला हेच नाव देतं. कमाल आहे लोकांची! दक्षिणेला शेवटचा अर्धा तास हातापायांवर उतरले. खाली गुडघाभर पाण्यात उभी राहून वाळकी अंजिरं आणि जवाचा कडक पाव खाल्ला. कोणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं. झालं तर होऊ दे.

म्हटलं जागा सापडत नाही तर शेजारी शोधू. निकोलास वासिलारास! पेट्रोलपंपावर निकोलास वासिलारास आहे, त्याला गाठलं. तो म्हणाला, "मी नव्हे, माझा चुलतभाऊ असेल." चुलतभावाचं नाव? निकोलास वासिलारास. त्याने तिसऱ्याकडे पाठवलं. सगळ्या भावांनी पहिल्या पोराला आजोबाचंच नाव ठेवलं, रीतीप्रमाणे, आणि आता एकाच नावाच्या नातवंडांचं भांडार झालंय. गावात टोपणनावांवर चालतं. पंपवाला, मधवाला, बहिरा. पण कागद लिहिणाऱ्याला टोपणनाव लिहायला लाज वाटली असणार.

१३ ऑक्टोबर

मधवाल्या निकोलासकडे. मधाच्या पेट्या पलीकडच्या घळीत, गाडी जात नाही, पाऊण तास चालत. वाटेत समुद्रकांद्याचे पांढरे तुरे उभे, कमरेएवढे. त्याने चमचाभर मध हातावर ठेवला आणि कागद वाचून पोट धरून हसायला लागला.

"काकू, हा बहिरा निकोलास. वरच्या धारेवर शेळ्या राखतो तो. माझा चुलतकाका."

"धारेवर कसा? माझी जागा समुद्रकाठी आहे."

"कोणी सांगितलं?"

मी कागद ओढून घेऊन पुन्हा वाचला.

कोणी नाही! कोणीच कधी सांगितलं नव्हतं. मुलीचा वाटा म्हणजे समुद्र, हे मीच गृहीत धरलं होतं. मी, डेस्पिना, बसवाला, सगळ्यांनी. दोन आठवडे मी किनाऱ्याला कवड्या वेचत फिरतेय आणि जागा डोंगराच्या डोक्यावर! मध हातावरून कोपरापर्यंत ओघळला तरी मला पत्ता नाही.

१६ ऑक्टोबर

धुकं. वरचा रस्ता दिसत नाही. खिडकीशी बसून बोटं मोडतेय.

२१ ऑक्टोबर

सापडली.

अक्षर कसंही येतंय, येऊ दे.

सकाळी धुणं वाळत घातलं आणि निघाले. वरच्या देवळापर्यंत गाडीने. अकरा वळणं, एकदाही बंद पडली नाही! तिथून जुनी फरसबंद वाट. पूर्वी खेचरं जायची, आता काटे. तासभर. बहिरा निकोलास लांबूनच दिसला, शेळ्यांच्या मध्ये, नव्वदीचा असेल. मी ओरडले, "आजोबा! मी मारूसो! मेसारियाच्या लेफ्टेरीसची!" तो म्हणाला, "ओरडू नकोस, ओठ हलव, कळतं मला." मग मला निरखून म्हणाला, "आलीस होय. मला वाटलं होतं आधी मीच जाईन."

जागा म्हणजे खरंच दगड. एक मोठा पांढरा, घराएवढा, आणि भोवती लहान. गवताची काडी नाही. मला हसूही येईना. पण त्या दगडाच्या दक्षिणेला कोणीतरी रचून बसायची जागा केलेली, पाठीला उत्तरेचा वारा लागू नये अशी. नीट, सांधे जुळवून. बाबांचीच रचाई. मी त्यांच्या हाताखाली दगड दिलेत, ओळखणार नाही?

"बस," निकोलास म्हणाला.

बसले. खाली सगळा दक्षिणेचा उतार. बंदर, बोटी, चर्च. मग आमची गल्ली. मग निळं दार. माझं दार! आणि अंगणात दोरीवर चार पांढरे ठिपके. माझ्या चादरी. सकाळी मीच घातलेल्या!

निकोलास बाजूला बसला. आपल्याच नादात बोलत होता, बहिरी माणसं बोलतात तसं. "दर सोमवारी यायचा. तुझा धुण्याचा वार त्याला पाठ. चादरी दिसल्या की म्हणायचा, बरी आहे. एकदा दोरी पूर्ण पांढरी, लहान लहान तुकड्यांची. तर उभाच राहिला आणि मला गदागदा हलवलं. अरे, लंगोट आहेत! तीन वर्षांनी परत तेच. म्हणाला, दुसरं झालं. तुझ्या पोरांची नावं त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हती. मोजून ठेवली होती फक्त."

मी रडले. मोठ्याने, लाज न बाळगता, ऐकणारा बहिरा होता. मग उठून त्या दगडावर चढले आणि खाली माझ्याच घराकडे बघून हात हलवले वेड्यासारखे. वीस वर्षं, बाबा! वीस वर्षं सोमवारी! खाली उतरून एक हाक मारता आली नाही तुम्हाला? आणि मला वर येता आलं नाही?

निकोलासने सही केली. कागद छातीशी धरून उतरले.

२२ ऑक्टोबर

मंगळवार. तरी धुणं घातलं.

२६ ऑक्टोबर

संत दिमित्रीचा दिवस. घरोघरी नव्या वाइनचं पिंप उघडतात आज. म्हटलं सणाच्या दिवशी कोणी दार लावून घेणार नाही, आणि गेले मेसारियाला. सोळा वर्षांनी. याकूमीसच्या अंगणात पिकअप अशी नेऊन उभी केली की कोंबड्या छपरावर!

वहिनी, अनेझो, धावत आली. तो खुर्चीतून उठला नाही. केस सगळे पांढरे झालेत. बाबांसारखा दिसतो.

"गाडीने आलीस?"

"नाही, पोहत."

वहिनी हसली, तो नाही. कागद पुढे ठेवला. वाचलाही नाही, सही करून टाकली.

"जागा पाहिलीस?"

"पाहिली."

"काय दिसतं तिथून?"

"तू कधी गेला नाहीस?"

"मी कशाला जाऊ?" म्हणाला. मग पेन खाली ठेवत, "सांग ना, काय दिसतं."

"माझं घर दिसतं. दोरी दिसते. दार उघडं की बंद ते कळतं."

त्याने मान हलवली. वहिनी आत गेली आणि बाटली घेऊन आली. लेबल लावलेली, दुकानची! संत दिमित्रीला! माझी जीभ कुठली गप्प बसते. म्हटलं, "अरे, बाबांच्या घरात आज विकतची वाइन? आळशी झालास की काय म्हातारपणी?" वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. तो म्हणाला, "पी. चांगली आहे." प्यायलो. निघताना गाडीपर्यंत आला, चाकाखालचा दगड स्वतः काढला. एवढं तर झालं! परत येताना वळणावळणावर गात होते.

२८ ऑक्टोबर

राष्ट्रीय सण. कचेरी बंद, शाळेची पोरं बंदरावर कवायत करतायत. कागद उशीखाली.

३० ऑक्टोबर

नोंद झाली. आस्प्रोपेत्रा माझी.

डेस्पिनाला दप्तरातून जुना करारही मिळाला, बाबांच्या आधी जागा कोणाची होती तो. मी पळून गेले त्याच्या दुसऱ्या वर्षीचा. अदलाबदल. निकोलास वासिलारासने दिला धारेवरचा दगड, वीस गुंठे. त्याच्या बदल्यात त्याला मिळाला काम्पोसचा द्राक्षमळा. आमच्या घरचा एकमेव मळा. आईने मरताना तो बाबांच्या नावे केला नव्हता, हे मला माहीतच नव्हतं.

खाली मळा देणाऱ्याची सही आहे, आईने ज्याच्या नावे केला होता त्याची. तेवीस वर्षांच्या मुलाचं अक्षर. याकूमीस.

बाबा नुसते साक्षीदार. आणि मी त्याला विकतच्या वाइनवरून आळशी म्हटलं!

इथेच थांबते. पहिल्या गिअरमध्ये जावं लागलं तरी चालेल, आत्ताच्या आत्ता मेसारियाला जायचंय.