चार वेळा आत घेतलेली शिवण

शनिवार, १९ ऑक्टोबर
दुपारचे तीन

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. पाकीट बघून दचकू नका. कोणी दवाखान्यात नाही, कोणी कोणाशी भांडलेलं नाही. दादाचा परवा फोन आला होता. फिरतीवर आहे, जेवणाचे हाल आहेत, गुडघा कुरकुरतोय आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. माझं दुकान बरं चाललंय. पुढच्या मशीनचा पट्टा पुन्हा सैल झालाय, त्यामुळे सगळं काम मागच्या मशीनवर आलंय. काजवाली मावशी म्हणते, "ताई, तुम्ही आणि ही मशीन, दोघी एकदमच रिटायर व्हा." तिला काय, काजं करताना तोंड मोकळंच असतं.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर मला धीर होत नाही. आणि मेसेज केला तर तुमचा फोन असतो कोणाच्या हातात, हे आपल्याला दोघींनाही ठाऊक आहे. म्हणून तुमच्या कारखान्याच्या पत्त्यावर लिहितेय. एवढं लिहीपर्यंत तीन वेळा उठले. एकदा पाणी प्यायला, एकदा इस्त्री बंद आहे का ते बघायला, एकदा उगाचच.

तुमच्या गोटीबद्दल लिहायचं आहे.

मागे तुम्ही केवढ्या कौतुकाने सांगितलं होतंत. शाळेने आहाराचा तक्ता दिला, गोटीने तो कपाटाला चिकटवला. थंड पेयं बंद, वेफर्स बंद, बिस्किटं बंद. सकाळी फळ, संध्याकाळी काकडी. "वन्सं, पंधरा वर्षांची पोर, पण शिस्त बघा. आमच्याकडे उलटंच, तीच मला ओरडते!" मीही गिऱ्हाइकांना हेच ऐकवलं. एक बाई तर मुलीला माझ्यासमोर म्हणाली, "बघ, शीक काहीतरी." मी तेव्हा फुशारून गेले होते.

तक्त्यात चुकीचं काही नव्हतं. मी वाचलाय तो. भात, डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, सगळं होतं त्यात. काय कमी खावं याचा एक छोटा चौकोन खाली कोपऱ्यात होता. गोटीने तेवढाच चौकोन घेतला आणि मग तो वाढवत नेला. बिस्किटांनंतर साखर गेली. साखरेनंतर भात. भातानंतर दूध.

तुम्हाला दुपारच्या ड्युटीत ती "जेवले" म्हणून ताटाचा फोटो पाठवते ना, ते जेवण शेजारच्या इमारतीच्या वॉचमनचं कुत्रं खातं. तिनेच सांगितलं. ते कुत्रं मी पाहिलंय, छान भरलंय.

गिऱ्हाईक आलंय. पुढचं नंतर.

सोमवार, २१ ऑक्टोबर
सकाळी, दुकान उघडायच्या आधी

शनिवारचं वाचलं. सगळं तक्त्यावर, फोटोवर आणि कुत्र्यावर ढकलून मी मोकळी झालेली दिसतेय. माझं नाव कुठेच नाही. शिवणकाम करणारी बाई मी, काय झाकायचं आणि काय दाखवायचं हे हाताला सवयीचं झालंय.

तर ऐका. जूनमध्ये तिचे शाळेचे दोन स्कर्ट शिवले. वाढत्या अंगाची मुलं, म्हणून आम्ही शिवणीत माया ठेवतो, पुढे सैल करता यावं यासाठी. जुलैअखेर ती एकटीच आली. "आत्या, कंबरेत सैल होतोय, जरा आत घे ना." घेतला. म्हटलं, पळापळ करत असेल, उंची काढतेय. ऑगस्टमध्ये पुन्हा आली. मग सप्टेंबरमध्ये. तिसऱ्या वेळी म्हणाली, "आईला नको सांगूस हं. ती उगाच काळजी करेल." मी म्हटलं, "नाही सांगणार, बाई." वर चहा विचारला. नको म्हणाली.

सप्टेंबरमध्येच शाळेच्या कोटाला आतून जाड अस्तर लावून मागितलं. "थंडी वाजते गं." बाकीचे लोक पंख्याखाली बसून घाम पुसत होते. मी अस्तर लावलं. खांद्यांना भरही दिला, कारण कोट लोंबत होता आणि माझ्या हातचा कोट लोंबलेला मला चालत नाही. ती आरशात वळून वळून बघत होती. "मस्त बसलाय आत्या, कळतच नाही." काय कळत नाही, हे मी विचारलं नाही.

वहिनी, तुमच्या डोळ्यांदेखत ती वाळत गेली आणि तुम्हाला दिसलं नाही, असं उद्या कोणी म्हणेल. तुम्ही स्वतःही म्हणाल. म्हणू नका. मुलीचे कपडे ढगळ झाले की आईला आधी कळतं. मी ते होऊच दिले नाहीत. दर महिन्याला तिच्या मापाने आत घेत राहिले आणि नीट बसलेल्या कपड्यात तुमच्यासमोर पाठवत राहिले.

गेल्या गुरुवारी ती पाचव्यांदा आली. आठवडाभर आधीच मी चौथ्यांदा आत घेतला होता, तरी पुन्हा कंबरेला दोन पिना लावलेल्या. मी तिला स्टुलावर उभं केलं, टेप गुंडाळली. आकडा इथे लिहीत नाही. आकड्यानेच सगळं झालंय, तेही सांगते. टेप काढतेय तोवर ती म्हणाली, "आत्या, दिवे गेले का?" दिवे चालू होते. काजवाली मावशीने सुईदोरा टाकून तिला धरलं, नाहीतर इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर डोकं आपटलं असतं.

तिला कापडाच्या ढिगावर निजवलं. मावशीने दूध गरम करून आणलं. गोटीने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल? "यात साखर किती चमचे आहे?"

"विष घातलंय," मावशी म्हणाली. "पी मुकाट्याने."

निम्मं प्यायली. मग मावशीने मला बाहेर काढलं आणि तिच्याजवळ बसली. मला जे चार महिन्यांत विचारता आलं नाही, ते त्या बाईने दहा मिनिटांत काढून घेतलं. तीन महिने तिची पाळी आलेली नाही. केस विंचरले की पुंजके हातात येतात. जिना चढताना मध्ये थांबते. मावशी बाहेर येऊन म्हणाली, "ताई, ही पोर विरत चाललीय, आणि तुम्ही काठ दुमडत बसलायत."

शटर उघडायची वेळ झाली. मुख्य गोष्ट अजून राहिलीच.

त्याच दिवशी, संध्याकाळी

जूनमधली मापं. शाळा उघडायच्या आधीची गर्दी तुम्ही पाहिलीय. त्या दिवशी दुकानात दहा-बारा मुली, त्यांच्या आया, बाहेर पायरीवर आणखी चार. मी माप घेते आणि मोठ्याने सांगते, मावशी वहीत लिहिते. वीस वर्षं हीच पद्धत. मशीनच्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही.

गोटीचा नंबर आला. मी छाती, कंबर, सीट, तिन्ही मापं खड्या आवाजात सांगितली. वर म्हटलं, "अगं गोटे, खातेस तरी काय? माझा अख्खा तागा संपवशील!"

सगळं दुकान हसलं. वहिनी, तीही हसली, म्हणूनच मला काही खटकलं नाही. आपली भाची, आपलंच लाडाचं नाव, आपणच ठेवलेलं. पाळण्यात गोल गरगरीत होती म्हणून ठेवलं होतं.

तिच्या वर्गातल्या दोघी तिथे होत्या. शाळेच्या पहिल्या दिवशी बाकावर खडूने तिच्या कंबरेचा आकडा लिहिलेला होता. मग तो आकडाच तिचं नाव झाला. हे मला गुरुवारी कळलं. मी विचारलं, "मला का नाही बोललीस?" तर म्हणाली, "तू तर गंमत केली होतीस ना आत्या." रागाने नाही हो. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काल एका ब्लाउजला उलटी बाही लावली.

कालच, रविवारी, ती गुरुवारी ठेवून गेलेला स्कर्ट न्यायला आली. मी तसाच तिच्या हातात दिला.

"आत नाही घेतलास?"

"नाही. यापुढे घेणार नाही. आणि तुझ्या आईला सांगणार आहे."

"तू प्रॉमिस केलं होतंस."

"केलं होतं. मोडतेय."

"सगळ्यांना तेच हवंय! आधी जाडी म्हणून हसायचं, आता बारीक झाले तर डॉक्टर! एकदा काय ते ठरवा ना तुम्ही मोठ्या लोकांनी!"

मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं. मी हसले होते. चुकलं माझं. पण आत नाही घेणार."

ती स्कर्ट उचलून तरातरा गेली. अर्ध्या गल्लीत थांबली, भिंतीला हात टेकला, मग पुढे गेली. मी दारातून बघत होते. मागे धावावंसं वाटलं आणि धावले नाही. धावले असते तर पुन्हा "दे इकडे, घेते आत" म्हणाले असते. मी मला ओळखते.

मंगळवार, २२ ऑक्टोबर
सकाळचे अकरा

आता हे पत्र पोस्टात टाकायचं नाही असं ठरवलंय, का ते सांगते.

पलीकडच्या गल्लीतले टेलर मास्तर तुम्हाला माहीत आहेत. त्यांच्या कॉलरींना मी एकदा नावं ठेवली, तेव्हापासून सात वर्षं आमच्यात बोलणं नाही. आज दुकान उघडतेय तर मास्तर पायरीवर उभे. हातात गोटीचा स्कर्ट.

"तुमची भाची ना? काल आत घ्यायला टाकून गेली."

मी शटर अर्ध्यावरच सोडलं.

"उसवायला घेतला तर आत चार ओळी टाक्यांच्या. एकीत एक. पाखरांच्या पावलांएवढे टाके, इथे दुसरं कोण घालतं?" माझ्याकडे न बघता त्यांनी स्कर्ट काउंटरवर ठेवला. "मी पाचवी ओळ घालणार नाही. तिला कबूल केलं होतं दुपारपर्यंत देतो. आता तिला काय सांगायचं ते तुम्ही बघा."

आणि गेले. चहा विचारायचंही मला सुचलं नाही. कपड्यात जे मी चार महिने लपवलं, ते माझ्याशी न बोलणाऱ्या माणसाने शिवण उलटी करून एका नजरेत वाचलं.

दहा वाजता मी शाळेच्या फाटकाशी गेले आणि मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. मास्तरांनी काय केलं ते सांगितलं. ती रडली नाही. खूप वेळ बुटाच्या टोकाने खडी उकरत राहिली.

मग म्हणाली, "आई रडेल."

"रडेल."

"स्वतःला बोल लावत बसेल."

"लावेल. म्हणून तर सगळं माझ्या अक्षरात लिहिलंय."

"मला जबरदस्तीने खायला घालतील?"

"मला माहीत नाही गं. डॉक्टरांना विचारू. मला फक्त कपड्यातलं कळतं, आणि तेही किती कळतं ते तू पाहिलंस."

तेव्हा जरासं हसली. "आत्या, मला खावंसं वाटतं," म्हणाली. "रोज वाटतं. पण घास तोंडाजवळ आला की सगळं दुकान हसतं."

वहिनी, हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. तुम्ही ते दोनदा वाचा.

शुक्रवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे, पोस्टाने हे पत्र त्याआधी पोचेलच असं नाही. त्या डॉक्टरीणबाईंचे कपडे मी शिवते. त्यांना फोनवर सगळं सांगितलं. म्हणाल्या, चक्कर आलीय म्हणजे शुक्रवारच्या पुढे एक दिवसही नको, आणि मधे पुन्हा आली तर वेळेची वाट न बघता तडक घेऊन या. आईला बरोबर आणा. घरी रागावू नका, ताटावर नजर ठेवून बसू नका, "थोडंच खा, माझ्यासाठी" असं नको, आणि खाल्लं तर टाळ्याही नकोत. तुम्ही तिच्याबरोबर बसा आणि तुमचं तुम्ही जेवा. बाकीचं त्या सांगतील. एकाच भेटीत होणारं काम नाही, असंही स्पष्ट म्हणाल्या. तोवर तुमच्या दुपारच्या ड्युटीच्या दिवशी ती शाळेतून थेट माझ्याकडे येईल. मी आणि मावशी जेवतो तेव्हा जेवेल. नाही जेवली तरी बसेल. ती "बघते" म्हणालीय. हो म्हणालेली नाही.

दादाला मी सांगेन. ते तुमच्यावर टाकत नाही.

आणि मापं आता मी पडद्याआड घेते, कागदावर लिहून मावशीला देते. कालपासून. मावशीला माझं अक्षर लागत नाही, दोन झगे चुकलेत. चुकू देत.

वहिनी, मी दुकान घातलं तेव्हा पहिलं कापड तुम्ही आणून दिलं होतंत. म्हणाला होतात, "बिघडलं तरी चालेल वन्सं, तुमच्या हातून बिघडू दे." कापडाचं तेव्हा ठीक होतं. या वेळी तुम्ही तसं म्हणावं अशी माझी अपेक्षा नाही. बोलायचं बंद केलंत तरी समजेन. फक्त शुक्रवारच्या आधी बंद करू नका.

आज तुमची सकाळची ड्युटी, तीनला सुटते. गेटवर हे पाकीट मी स्वतः तुमच्या हातात देईन आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाईन, कारण तुम्ही वाचत असताना तुमच्या तोंडाकडे बघायची माझ्यात हिंमत नाही. सावकाश वाचा. वाचून झालं की वर बघा. मी समोरच्या फुटपाथवर उभी आहे. हाक मारलीत तर येईन, नाही मारलीत तरी तुम्ही घरी निघेपर्यंत हलणार नाही.

तुमच्या मुलीची आत्या,
आणि अजून म्हणणार असाल तर, तुमची नणंद