जलपरीची उसवलेली शेपटी

प्रिय धाकटे,

नाही, शार्क नव्हता. शार्कच्या टाकीत पाणीसुद्धा नव्हतं. तळाशी एक शिडी, एक बादली आणि काचेवर कागद, 'दुरुस्ती चालू आहे, सहकार्य करावे'. मी काय सहकार्य करणार, आत उतरून टाकी घासू? तू विचारलं नाहीस ते ठाऊक आहे मला. चार वर्षांत तू मला काहीच विचारलेलं नाहीस आणि मीही तुला नाही. पण नातीनं आठवडाभर शार्क शार्क करून डोकं उठवलं होतं, म्हणून म्हटलं पहिल्यांदा ते उरकून टाकावं. आणि थोरलीचं पत्र आलं म्हणजे कोणी गेलं की काय, असा छातीवर हात ठेवून बसू नकोस. सगळे धडधाकट आहेत. मुकाट्यानं वाच.

मत्स्यालयाचं खूळ सूनबाईचं. खरं कारण मासे नव्हतेच. गेल्या वर्षी मी बाथरूममध्ये पडले आणि उजवं मनगट मोडलं, ते तुझ्या कानावर आलंच असेल. हाताचं प्लास्टर दोन महिन्यांत निघालं, घरातल्यांच्या डोक्यातलं काही निघेना. आई, कप ठेवा. आई, पिशवी उचलू नका. आई, तुम्ही नुसत्या बसा. नुसतं बसायला मी काय फुलदाणी आहे? मग सूनबाईनं कुठल्याशा मासिकात बघितलं की जुन्या शिलाई मशीनचं डोकं काढून टाकायचं, खालच्या लोखंडी स्टँडवर काच बसवायची, की झकास टेबल तयार. लगेच एक कुंडी आणून माझ्या मशीनच्या झाकणावर ठेवली, म्हणजे मला हळूहळू सवय व्हावी. रविवारी सुताराला बोलावलं. आणि शनिवारी मला मासे दाखवायला न्यायचं, तिथे गारव्यात, माझा मूड बघून, लेक मला समजावणार. हे सगळं मला नातीनं सांगितलं. सात वर्षांच्या पोरीसमोर गुपितं बोलतात आणि वर मला म्हणतात, तुमचं आता वय झालं.

तुला मशीनचं वेगळं काय सांगू. त्या खोलीत वीस वर्षं तू कातरलंस आणि मी शिवलं. मनगट मोडल्यावर मी एकदाही तिच्यावर बसले नव्हते, हे खरं. पण बसले नाही म्हणजे मोडीत काढायची, असं होतं का? रविवारी मशीन गेली असती तर मी त्या घरात चहा पिणारी म्हातारी झाले असते, आणि तोही चहा माझ्याच मशीनवर ठेवलेला. ते मला चालणार नव्हतं. पण नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं, हाच घोळ होता.

तर गेलो. बापरे, काय ते मत्स्यालय! ऑक्टोपस म्हणे लाजाळू. मडक्यात बसला होता आणि एक पाय बाहेर, करंगळीएवढा. आम्ही चौघं त्या पायाकडे दहा मिनिटं बघत उभे. कासव हलेना. लेक म्हणाला, "झोपलंय." मी म्हटलं, "प्लास्टरचं आहे, शिवण दिसतेय पोटाला." ते निघालं प्लास्टरचंच. एका टाकीत एकच मासा, तोही भिंतीकडे तोंड करून, जशी काही शिक्षा झालीय. बाहेरच्या पाटीवर सात जातींची चित्रं. बाकीच्या सहा कुठे गेल्या ते विचारायची सोय नव्हती. जिथे हात घालून मासे धरता येतात त्या हौदावर ताडपत्री. नात आधी उड्या मारत होती, मग चालायला लागली, मग बापाचा शर्ट ओढायला लागली. "बाबा, मासे कुठायत?" "आहेत गं, नीट बघ." "बघतेय. काचेत आपणच दिसतोय." सूनबाईनं ओठ आवळले, कारण तिकिटांची रांग तिनंच लावली होती. लेकाचं तर दुहेरी दुखणं. मासेही नाहीत आणि मला समजावायला जागाही नाही. प्रत्येक बाकाशी थांबून घसा खाकरायचा आणि मी पुढे चालू पडायचे. ज्याला बोलायचंय त्याला चालवत ठेवावं, मग दम लागून गप्प बसतो.

शेवटी बोर्ड दिसला, तीन वाजता जलपरीचा खेळ. जिवंत जलपरी. नातीचा चेहरा खुलला. प्लास्टिकच्या खुर्च्या, शंभरेक माणसं, समोर मोठी काच आणि आत निळं पाणी. वरच्या कट्ट्यावर एक मुलगी येऊन बसली, कंबरेपासून खाली चकचकीत हिरवी शेपटी. तिनं हात हलवला, पाण्यात उतरायला पाय दुमडले, आणि टर्र! तो आवाज मी झोपेतही ओळखीन. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत शिवण उसवली आणि आतून पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. लोक हसले. मुलगी दोन्ही हातांनी शेपटी धरून, उड्या मारत आत पळाली. भोंग्यावरून आवाज आला, तांत्रिक कारणामुळे खेळ रद्द. माझी नात एवढी रडली म्हणून सांगू! "आजी, परीला पाय आहेत." हेच तिला सगळ्यात लागलं. आणि नेमका तोच मुहूर्त लेकानं निवडला. "आई, मला तुझ्याशी मशीनबद्दल बोलायचं होतं."

मी उठले. "आई, बस ना." बसते कशाला? बाजूला दार होतं, वर लिहिलेलं प्रवेश बंद. बंद नव्हतं, ढकललं तर उघडलं. आत माशांच्या खाद्याचा वास, ओल्या लाद्या, एक साहेब फोनवर ओरडत होता आणि ती मुलगी स्टुलावर बसून टाचण्या लावत होती. साहेब म्हणाला, "बाई, तुम्ही आत कशा?" मी म्हटलं, "चालत. शेपटी इकडे दे गं."

आता तुला सांगते, तुलाच कळेल. कापड एकदम चांगलं, रबरासारखं ताणणारं, कुठेही फाटलेलं नाही. फाटला होता तो नुसता दोरा. कोण्या शहाण्यानं त्या ताणणाऱ्या कापडाला सरळ टीप मारली होती, तीही घट्ट, पडद्याला मारावी तशी. विचारलं तर खरंच, पडदेवाल्याकडून शिवून घेतलेली. कापड ताणतं, दोरा ताणत नाही, मग दुसरं काय होणार? दर आठवड्याला एक शेपटी उसवते म्हणे, आणि हे दर आठवड्याला त्याच पडदेवाल्याकडे जातात. मी पर्समधून सुई-दोरा काढला. मुलीला म्हटलं, शेपटी चढव आणि गुडघे पोटाशी घेऊन बस. ती म्हणाली, "अंगावर शिवणार? टोचेल." म्हटलं, "हललीस तर टोचेल." कापड ताणलेलं असतानाच शिवायचं, नागमोडी टाके, प्रत्येक टाक्याला जरा ढील. पहिले चार टाके वाकडे पडले, ते उसवून परत घातले, खोटं कशाला बोलू. पाचव्या टाक्याला हाताला आठवलं. वीस मिनिटांत कंबर ते गुडघा. मग तिला म्हटलं, आता मार लाथा. तिनं अशा लाथा मारल्या की साहेबाची बादली उडाली. एक टाका हलला नाही.

खेळ झाला. पाऊण तास उशिरा, पण झाला. नात काचेला नाक लावून उभी होती आणि ती मुलगी पाण्यात उलटीसुलटी होऊन थेट तिच्या नाकासमोर आली, शेपटी अशी फडकावली की मी श्वास रोखून शिवणीकडेच बघत बसले. परीचा चेहरा कसा होता, मला विचारू नकोस. मागे सूनबाई शेजारच्या खुर्चीवाल्यांना सांगत होती, "आमच्या आईंनी शिवली ती. हो हो, सासूबाई. अगदी हातानं." जी बाई मला कप धरू देत नव्हती तिच्या तोंडून हे! मी ऐकलंच नाही असं दाखवलं. तीनदा.

साहेब बाहेर आला तो हात जोडूनच. पऱ्या तीन आहेत, पाळीपाळीनं पोहतात. प्रत्येकीला दोन अशा सहा शेपट्या नव्या करून द्याल का, आणि पुढेही तुम्हीच बघाल का? लेक माझ्याआधी बोलला, "आईच्या हाताचं..." मी म्हटलं, "आईचा हात आत्ता पाण्यात पोहून आला, बघितलास ना?" तिथेच तिन्ही पोरींना उभं करून मापं घ्यायला लागले. पहिलीच्या कंबरेला टेप लावली आणि आकडा सांगताना तोंडातून एक इंच कमी आला. परत लावली, परत मोजलं, बरोबर आकडा लिहिला. मग बाकीच्या दोघींची मापं मी घेतलीच नाहीत. म्हटलं, पुढच्या शनिवारी. घरी आल्यावर सुताराला फोन सूनबाईनंच केला, "टेबल नको, आमच्याकडे काम आलंय." कुंडी खिडकीत गेली. मशीनला तेल घातलं, रात्रीच्या जेवणाआधी चालवून बघितली, पहिल्या दमात धावली. आपल्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, थोरली सून परत माजली. माजलेच आहे.

आता पत्र कशाला ते. मंगळवारी कापड आलं. पाय चालतात, सुई चालते, मशीन चालते. कात्री चालत नाही. दोन वीत कापलं की अंगठा बधिर होतो आणि कात्री हातातून सुटते. घरात कोणाला सांगितलेलं नाही, तूही सांगायचं नाही. दुसरं. चार वर्षांपूर्वीच्या शाळेच्या त्या चाळीस पँटी. शाळेच्या बाईंसमोर मी म्हणाले, धाकटीनं शिवणीला मायेचं जादा कापड सोडलं नाही, म्हणून बटणं लागत नाहीत. तू कात्री फडक्यात गुंडाळलीस आणि गेलीस. तू बरोबर कापलं होतंस. आपल्या जुन्या टेपचा पहिला इंच झिजून तुटला होता, म्हणून वीस वर्षं मी प्रत्येक आकड्यातून एक वजा करत आले. त्या दिवशी सकाळी तू नवी टेप आणून दिलीस. मापं मी नव्या टेपनं घेतली आणि सवयीनं एक वजा केला. चाळीस वेळा. संध्याकाळी टेप खुंटीला लावताना मला कळलं. तू तेव्हा कोपऱ्यावरच्या थांब्यावर उभी होतीस, खिडकीतून दिसत होतीस. मी हाक मारली नाही. माफी वगैरे शब्द चौथीपर्यंत शिकवत नाहीत, त्यामुळे मला लिहिता येत नाहीत. शनिवारी ये. कात्री घेऊन ये. मापं तू घे, वहीत तूच लिही, मी टेपला हात लावणार नाही. येणार नसशील तर तसं कळवू नकोस, मी वाट बघेन. यापुढे मी एक अक्षरही लिहिणार नाही, आणि आल्यावर यातलं काही विचारलंस तर उत्तरही देणार नाही.

तुझीच,
थोरली