चिमणीचा खुटा

प्रिय सरिता,

तू माझा फोन उचलून नाही राहिली, म्हणून हे पत्र दुधाच्या गाडीवाल्या विक्कीजवळ देऊन राहिलो. वाडीत तुझ्या बहिणीच्या खोलीवर तो पोचवून देईल. वंदनाले सांग, तिचा भाऊजी जिता आहे अन् दोन्ही टाइम खिचडी खाऊन राहिला.

बातमी अशी की आपली चिमणी वापस आली. तीच म्हैस वं, नाल्याच्या पुरात वाहून गेलेली, जिच्या भरपाईचे साडेसदतीस हजार तुझ्या खात्यात पडले. अठरा दिवसांनी, सोमवारी सकाळी दारात उभी. खालच्या गावाजवळ काठाले लागली होती म्हणे. तिथून लोकांची सोयाबीन खात खात आली. वाळली नाही, उलट अंगानं सुटली आहे.

आमच्या डोळ्यांसमोर वाहून गेली म्हणून पंचनाम्यावर ज्या पाच जणांनी सह्या ठोकल्या, ते पाचही पाहायले आले. त्यातल्या मनोहररावांनी चष्मा लावून तिच्या कानातला बिल्ला दोनदा वाचला अन् चहा न घेता निघून गेले. मी तलाठ्याकडे गेलो. ते म्हणाले, पैसे परत भरा अन् जनावर जितं असल्याचा अर्ज द्या, पण म्हैस बाईच्या नावावर आहे, सही बाईचीच लागते. मी नवरा आहे म्हटलं, तर म्हणे म्हशीच्या कागदात नवऱ्याचा रकाना नाही.

दुधाचं तर विचारू नको. मी बसलो की लात. काल तुझी हिरवी साडी गुंडाळून, डोक्यावर पदर घेऊन बसलो. तिनं वास घेतला, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं अन् बादली उडवली. शेजारची मेघा कुंपणातून पाहून राहिली होती, म्हणजे आता साऱ्या गावाले माहीत आहे.

आता जे लिहायचं ते लिहितो. चिमणी आली तेव्हा तिच्या गळ्यात दावं होतं अन् दाव्याले खुटा. मी तुले सांगितलं होतं की पाणी चढलं तसं मी दावं सोडलं, तीच येडी पुराकडे पळाली. पंचनाम्यातही तेच लिहून दिलं. तू म्हणाली, माझी चिमणी अशी पळणारी नाही, अन् पिशवी भरून गेली. खरं हे आहे की मी भैय्याजीच्या ओट्यावर पत्ते खेळत होतो. धावत आलो तेव्हा चिमणीच्या कोठ्यात नुसतं पाणी होतं. बिचारीनं खुटा स्वतः उपटला. तू माझ्यापेक्षा म्हशीले खरं मानलं, बरोबर केलं. मले लाज वाटून राहिली, सरिता.

अर्जाचा कागद सोबत आहे. सही करून विक्कीजवळ दिला तरी चालते, म्हणजे सहीसाठी तुले यायची गरज नाही. तरी ये. खुटा मी अजून ठोकला नाही. तू म्हणशील तिथं ठोकीन.

चिमणीनं अजून माफ न केलेला,
तुझाच बळीराम